चिनूची दुर्बीण

पुणे,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय मंजू,

काल फोन ठेवल्यावर चार ओळींचा मेसेज टाकणार होते. पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे सरळ पत्रच लिहायला बसले.

चिनूला दुर्बीण हवी, तुझं बजेट दहा हजार, आणि दुकानातल्या खोक्यावर ‘६७५ पट’ असं छापलंय. बाई गं, ते खोकं आहे तिथेच राहू दे. तसलंच एक मी घेतलं होतं, आठवतंय? साधा हिशेब सांगते. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपर्यंतच चित्र कसंबसं तग धरतं. ६० मिलिमीटरचं भिंग असेल तर १२० पट म्हणजे कमाल झाली. ६७५ पटीला काय दिसायचं? दूध सांडल्यासारखा पांढरट डाग, तोही थरथरणारा.

खरा वैताग त्या थरथरीचा. माझ्या दुर्बिणीची तिपाई इतकी लेचीपेची, की फोकसच्या चाकाला बोट लावलं की चंद्र नाचायला लागायचा. मी हात मागे बांधून, श्वास रोखून बघायचे. शेवटी तिपाईच्या मध्ये दोन किलो तांदळाची पिशवी लटकवली, तेव्हा कुठे स्वारी जरा थांबली. म्हणून दुकानात गेलीस की भिंग नंतर बघ. आधी नळीला टिचकी मार. थरथर दोन-तीन सेकंदांत विरली नाही तर पुढे बोलूच नकोस.

दहा हजारांतच बसवायचं तर चांगली १०×५० ची, म्हणजे दहा पट दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची बायनॉक्युलर घे. चंद्रावरची विवरं दिसतात, आणि कृत्तिका तर दुर्बिणीपेक्षा तिच्यातूनच देखण्या दिसतात. दुर्बिणीत तो पुंजका जेमतेमच मावतो. शिवाय घाटावर गेलात तर भावोजी पक्षी बघतील, म्हणजे खर्चावरून कुरकुर नाही.

पण चिनूला शनीची कडी हवी आहेत आणि तिथे बायनॉक्युलर पुरत नाही. मग थोडे पैसे साठव आणि लहानशी डॉब्सोनियन घे, ११४ किंवा १३० मिलिमीटर आरशाची, टेबलावर ठेवतात तसली. तिला तिपाई नसते. खाली लाकडी पाट असावा तसा तळ, त्यावर नळी हाताने ढकलायची. ही तऱ्हा ज्याने रूढ केली तो जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात संन्यासी होता. जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून तो आरसे करायचा. या नादापायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला, तर हा पठ्ठ्या फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवत बसला! मला हा माणूस फार आवडतो.

घेण्याआधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघून घ्या. इथे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, तिथे हौशी मंडळी आनंदाने दाखवतात. चिनूला घेऊन ये, राहायला मी आहेच.

आता वापराचं. पहिल्या रात्री काहीच सापडत नाही आणि पोरं हिरमुसतात. कारण एकच, वरची छोटी शोधक दुर्बीण मोठीशी जुळवलेली नसते. ते काम दिवसा करा. गच्चीवरून पांडवगडाचं टोक मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणा आणि मग स्क्रू फिरवून छोटीतही तेच टोक मधोमध आणा. हे करताना नळी सूर्याकडे वळता कामा नये, क्षणभरसुद्धा. स्वस्त दुर्बिणीसोबत डोळ्याकडच्या बाजूला लावायची ‘सन’ लिहिलेली काळी काच येते, ती सरळ कचऱ्यात टाक. उष्णतेने ती तडकते आणि मग डोळा गेलाच.

आयपीस म्हणजे डोळा लावायचं छोटं, बदलता येणारं भिंग. त्यातलं मोठ्या आकड्याचं आधी लावायचं. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (मुख्य भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) दुर्बिणीला २५ चं आयपीस म्हणजे २८ पट, १० चं म्हणजे ७० पट. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला गुरूपाशी ‘तारे’ पाहिले, ते गुरूचे चंद्र निघाले, तेव्हा त्याच्याकडे वीसेक पटीचीच दुर्बीण होती! गुरू कालच आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आला, अंधार पडला की पूर्वेला पुनर्वसूजवळ झगझगीत दिसतोय. त्याचे चार चंद्र एका ओळीत असतात. चिनूला रोज वहीत ठिपके काढायला लाव, दुसऱ्या दिवशी ठिपक्यांच्या जागा बदललेल्या असतात. आणि ७० पटीला गुरू तीन मिनिटांच्या आत चौकटीबाहेर सरकतो. ‘आई, दुर्बीण हलली,’ म्हणेल ती. तेव्हा सांग, दुर्बीण नाही, आपण हललो.

शनीबद्दल मात्र तिला आधीच सांगून ठेव. गेल्या मार्चमध्ये कडी आपल्याला अगदी धारेवरून दिसत होती, अजूनही ती चपटीच आहेत, गोळ्यात सुई खुपसल्यासारखी. पुस्तकातल्या चित्रासारखा शनी बघायला दोन-तीन वर्षं थांबावं लागेल. मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, तोसुद्धा रंगीत दिसत नाही. मृगातल्या बाणाच्या, म्हणजे ओळीतल्या तीन ठळक ताऱ्यांच्या, थोडं दक्षिणेला तीन फिकट तारे ओळीत आहेत, त्यातल्या मधल्यापाशी करडा धूर दिसतो. त्याच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघायचं, मग तो पसरत जातो.

आणि पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घालून डबाबंद ठेव. लोणच्याच्या बरणीइतकी काळजी घेतलीस तरी पुरे.

२६ तारखेला सोमवारची सुट्टी आहे, त्यामुळे मी शनिवारी, २४ ला, माझी दुर्बीण घेऊन वाईला येते. चंद्र अर्धा व्हायला आलेला असेल. पौर्णिमेपेक्षा तो बरा, विवरांच्या सावल्या लांब पडतात. तो मावळला की मृग बघू. तीळगूळ तेव्हाच देईन. शेजाऱ्यांना सांगून गच्चीसमोरचा तो पांढरा दिवा तेवढा बंद ठेवता येतो का बघ, आणि टॉर्चला लावायला लाल जिलेटिनचा कागद आणून ठेव, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपणार नाहीत.

तुझी,
सुमा