शिबिरात जंगल आणि पंडुम एकत्रच शिकवा

संपादक महोदय,

मे महिन्यात आश्रमशाळांना सुट्या लागल्या की गडचिरोलीत गोंड-माडिया मुलांसाठी ‘जंगल आणि संस्कृती’ शिबिरं भरतात. हेतू चांगला आहे, पण आखणी बहुतेक ठिकाणी एकाच साच्याची: सकाळी सभागृहात वनउपजावर व्याख्यान आणि शेवटच्या संध्याकाळी रेला नाच. गावात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, झाल्याशिवाय अनेक गावांत नवा आंबा तोडत नाहीत. त्यामुळे फळाला झाडावर पिकायला वेळ मिळतो. चारोळीचं आज नेमकं उलट झालंय. ‘आपण नाही तोडलं तर दुसरा तोडेल’ या धास्तीने हिरवीच चारं (चारोळीची फळं) ओरबाडली जातात. आतला दाणा भरलेला नसतो, भाव पडतो. घाईत फांद्याच छाटल्या, तर पुढच्या हंगामात त्या झाडाला फळ नाही आणि खाली पडायला बीही नाही. मुलांना हे भाषणाने पटत नाही. ओंजळभर हिरवी आणि ओंजळभर काळसर पिकलेली चारं वेगवेगळी चोळून गर काढावा आणि बिया बादलीत टाकाव्यात. तरंगतात त्या बहुतेक पोकळ. मग त्याच बादलीभोवती गावातल्या जाणत्यांना बसवून विचारावं, पंडुमचा दिवस कोण ठरवतं आणि कशावरून? वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 5 प्रमाणे ग्रामसभा चारं तोडण्याची तारीख ठरावाने ठरवू शकते, हे तिथे सांगितलं तर मुलांच्या डोक्यात बसतं.

तारखा हा दुसरा मुद्दा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तेंदूचा हंगाम ऐन भरात असतो. पहाटे पानं तोडायची, दुपारी घरच्या सगळ्यांनी 70-70 पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. घराला रोख पैसा देणारे हे दिवस. तेव्हा शिबिर ठेवलं तर गरजू घरची मुलं येतच नाहीत. शिबिर तेंदू संपल्यावर, साधारण 20 मे ते 5 जून या काळात घ्यावं.

मोहफूल मात्र तोवर संपलेलं असतं. त्यासाठी मार्चअखेरीस सुट्टीचे दोन दिवस वेगळे काढावेत. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तीच आग जंगलात शिरते आणि रोपं करपतात. जागा खराट्याने झाडून घ्यावी किंवा जुनी लुगडी, जाळी अंथरावी. एक किलो ताजा मोह वाळल्यावर किती उरतो, हे मुलांनी स्वतः तोलून लिहावं. व्यापाऱ्याशी बोलताना हा आकडा कामी येतो.

जूनच्या सुमाराला मोहाच्या टोळी, म्हणजे फळं, पडू लागतात. इथे एक चूक हमखास होते. बी पोत्यात भरून जुलैतल्या वृक्षारोपणासाठी ठेवतात आणि मग ते उगवत नाही. मोहाचं बी साठवणीत फार टिकत नाही. गर काढून ताजं बी लगेच, दोन-तीन सेंटिमीटर खोल, पिशवीत लावलं पाहिजे.

एका शिबिरात 20 ते 25 मुलं पुरेत. पाच-पाच जणांचा गट आणि प्रत्येक गटाबरोबर जंगल जाणणारी एक व्यक्ती. त्यातल्या निम्म्या तरी बायका हव्यात, कारण भाजी, कंद आणि टोळी त्याच गोळा करतात. या जाणत्यांना दिवसाची मजुरी द्यावीच. पहाटे साडेपाचला निघून दहाच्या आत परत यावं, पुढे उन्हाचा तडाखा सोसत नाही. दुपारी सावलीत बसून नकाशा काढायचा आणि झाडांची नावं आधी गोंडी-माडियात, मग मराठीत लिहायची. मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे गावातल्या अभ्यासगटाची अनेक वर्षांची बैठक होती. शिबिराची दुपार तशीच चालावी.

औषधी वनस्पतींबाबत विशेष विनंती. त्यांचे फोटो आणि उपयोग मोबाइलवर फिरवू नयेत. या ज्ञानावर वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(ट) प्रमाणे, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ‘के’ उपकलमाप्रमाणे, समूहाचा हक्क आहे. नोंद घेण्याआधी ग्रामसभेची परवानगी घ्यावी, मूळ वही ग्रामसभेकडेच राहावी आणि आयोजकांनी ग्रामसभा देईल तेवढीच प्रत न्यावी.

— वनव्यवस्थापन समित्यांसोबत काम करणारे काही कार्यकर्ते, जि. गडचिरोली