एका रात्रीचाच निकाल राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या क्रीडा पानावरचा युरोलीगवरचा, म्हणजे युरोपातल्या बड्या बास्केटबॉल क्लबांच्या स्पर्धेवरचा लेख वाचला. क्रिकेटच्या गर्दीत आमच्या खेळाला अर्धं पान मिळालं, त्याबद्दल आधी आभार. लेखकांचं म्हणणं असं की महिनोन्‌महिने साखळी खेळवायची आणि विजेता मात्र 'फायनल फोर'च्या, म्हणजे एकाच शहरात होणाऱ्या एकेका उपांत्य आणि अंतिम सामन्याच्या, दोन सामन्यांत ठरवायचा, हा अन्याय आहे. अमेरिकेच्या एनबीए लीगसारखी अंतिम फेरीतही त्याच दोन संघांत अनेक सामन्यांची मालिका हवी. युरोपने हे कधी करूनच पाहिलेलं नाही, असंही त्यांनी लिहिलं आहे.

करून पाहिलंय. मोठे क्लब फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघापासून फुटले आणि त्यांनी स्वतःची युरोलीग काढली, त्या २०००-०१च्या पहिल्याच मोसमात अंतिम फेरी पाच सामन्यांची होती. (फिबाने आपली सुप्रोलीग वेगळी चालवली, म्हणून त्या साली युरोपला विजेतेही दोन मिळाले.) इटलीचा किंडर बोलोन्या विरुद्ध स्पेनचा ताऊ सेरामिका. पहिला सामना ताऊने बोलोन्यात येऊन जिंकला, मालिका पाचव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि तो बोलोन्याने घरच्या मैदानावर ८२-७४ असा घेतला. बोलोन्याचा अर्जेंटिनी खेळाडू मानू जिनोबिली तेव्हा अवघा २३ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी दोन्ही स्पर्धा एक झाल्या, फायनल फोर परतलं आणि तेही बोलोन्यातच. तोच संघ, तेच प्रशिक्षक एत्तोरे मेसिना, तोच जिनोबिली, प्रेक्षकही आपलेच. चषक मात्र ८९-८३ने पानाथिनायकोस अथेन्सला घेऊन गेला. मालिकाच असती तर बोलोन्या पुन्हा जिंकला असता का? असेलही. पण त्या रात्री तो हरला, आणि पानाथिनायकोसचं ते विजेतेपद कुणी हलकं मानत नाही.

लेखकांच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा त्यांनी वापरलेलाच नाही. तो मीच देतो. २०१६-१७पासून साखळीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी घरी आणि बाहेर खेळतो. तेव्हापासून २०२५पर्यंत साखळीत पहिला आलेला संघ एकदाही विजेता झालेला नाही. ग्रीसचा ऑलिम्पियाकोस २०२३ला पहिला, अंतिम सामन्यात हरला. २०२५ला पुन्हा पहिला, अबू धाबीत उपांत्य सामन्यातच मोनॅकोकडून गारद. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादेत सलग दहा विजयांनंतर आपली जी गत झाली, ती आठवली की त्या ग्रीक मंडळींचं दुःख कळतं. तरीही क्रिकेट विश्वचषकाच्या तीन फायनल घ्या, असं त्यानंतर आपल्याकडे कुणी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

शिवाय पहिल्या नंबराचं बक्षीस आहेच की. उपांत्यपूर्व फेरी पाच सामन्यांची असते आणि त्यात वरच्या संघाला घरचं मैदान मिळतं. तिथवर क्रमवारीचा मान, पुढे मात्र सगळे सारखे.

राहिला नशिबाचा मुद्दा. एका सामन्यात नशीब जिंकतं म्हणावं, तर झेल्को ओब्रादोविच यांचं काय करायचं? १९९२ ते २०१७ या पंचवीस वर्षांत या प्रशिक्षकाने नऊ वेळा हा चषक जिंकला, तोही पाच वेगवेगळ्या क्लबांबरोबर. नशीब इतकं एकनिष्ठ नसतं. चाळीस मिनिटांच्या सामन्यासाठी संघ बांधणं ही वेगळी विद्या आहे. दुसऱ्या सामन्यात चूक दुरुस्त करू, ही सोय तिथे नाही.

त्यांचं पहिलं विजेतेपद तर पाहा. युगोस्लाव्हियातल्या युद्धामुळे बेलग्रेडच्या पार्टिझानला घरचे जवळजवळ सगळे सामने स्पेनमध्ये, माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादात खेळावे लागले. इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी साशा जॉर्जेविचने धावत येऊन थ्री पॉइंटर (लांबून टाकलेली तीन गुणांची बास्केट) टाकला आणि पार्टिझान ७१-७० जिंकला. घर-बाहेर पद्धतीच्या मालिकेत या बेघर संघाने काय केलं असतं?

पंचांची एक चूक सगळं वर्ष खाऊन टाकते, हे मात्र मला मान्य. १९९६ला पॅरिसमध्ये बार्सेलोनाच्या मॉन्तेरोचा शेवटचा फटका बोर्डाला लागल्यावर पानाथिनायकोसच्या व्रांकोविचने उडवला. नियमाने ती बास्केट धरायला हवी होती. धरली गेली नाही आणि बार्सेलोना ६७-६६ हरला. तो सामना आठवला की आजही चिडचिड होते. पण त्यावर औषध व्हिडिओ रिप्ले, आणि ते आता आलेलं आहे. मे महिन्यात दमलेल्या खेळाडूंवर आणखी चार सामने लादणं हा काही इलाज नव्हे. त्यांना युरोलीग संपली की आपापल्या देशाच्या लीगचे निर्णायक सामने खेळायचे असतात, आणि युरोलीगची साखळी २०२५-२६पासून ३८ सामन्यांवर गेली आहे.

२०२३चा काउनासचा अंतिम सामना मी रात्र जागून पाहिला. रिआल माद्रिद ऑलिम्पियाकोसच्या एका गुणाने मागे. माद्रिदच्या पस्तिशीतल्या सर्जिओ युलची त्या सामन्यात तोवर एकही बास्केट नाही. तीनेक सेकंद उरली असताना ऑलिम्पियाकोसच्या सात फुटांहून उंच मुस्तफा फालच्या हातांवरून त्याने चेंडू टाकला : ७९-७८. मालिका असती, तर तो निव्वळ पहिल्या सामन्याचा शेवट ठरला असता आणि परवा दुसरा आहे म्हणून सगळे झोपायला गेले असते.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबतच्या चौकटीत पार्टिझानच्या विजेतेपदाचं साल १९९३ छापलं गेलं आहे. ते १९९२ हवं. १९९३ला फ्रान्सचा लिमोज जिंकला होता.

कळावे,
एक जुना बास्केटबॉलपटू, सांगली