अनुक्रमांक २३

बोईसर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विज्या,

तेरा महिने झाले तुला लिहून. तू आंब्याच्या कलमांचे फोटो टाकतोस, मी खाली अंगठा दाखवतो, एवढंच आपलं बोलणं उरलंय. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू, गुडघा कुरकुरतो. झालं. मुद्द्यावर येतो, नाहीतर म्हणशील प्रस्तावनेत दोन पानं घालवायची खोड गेली नाही अजून.

मागच्या आठवड्यात तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाची, किरणोत्सार बाहेर पसरला तर काय करायचं याची, रंगीत तालीम झाली. दर दोन वर्षांची ती. तुझ्या वेळी आपल्याला खुर्च्या लावायला नेलं होतं. यंदा मी नकाशाच्या खोलीत होतो. आवाराबाहेरची आणीबाणी जाहीर झाली की सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात. खाली पोलीस, आरोग्य, एसटी, एनडीआरएफ, गुराढोरांसाठी पशुसंवर्धन आणि सगळ्यांच्या पायात येणारे आपण महसूलवाले. भिंतीवर तारापूर मध्ये धरून १६ किलोमीटरचं वर्तुळ, आणि त्याच्या कलिंगडासारख्या १६ फाका. वारा ज्या फाकेवर जाईल ती आणि तिच्या आजूबाजूच्या, त्यांचं आधी बघायचं. बऱ्याचशा फाका समुद्रात, म्हणून सगळे निवांत. पण दुपारी आपल्याकडे वारा कुठून कुठे वाहतो, हे चिंचणीच्या किनाऱ्यावर टोपी उडालेल्या माणसाला मी काय सांगू?

माझ्याकडे एक गाव, दोन एसटी आणि ज्यांना आपलं आपण निघता येत नाही अशांची यादी, ३१ नावांची. आयोडीनच्या गोळ्यांच्या जागी लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. खरी गोळी वेळेत घेतली तर थायरॉइड वाचवते, बाकी काही नाही, हे मी घसा फोडून सांगितलं. त्यावर एक जण म्हणाला, साखर आहे मला, बिनसाखरेची आहे का? हसलो आम्ही. तोपर्यंत सगळं छान चाललं होतं.

पावणेबाराला वायरलेसवर विचारणा झाली, "स्थलांतर पूर्ण?" निरीक्षक बाराला तक्ता घेऊन जाणार होते. यादीतली तीस माणसं शाळेत पोचली होती. राहिली अनुक्रमांक २३. गोदाआजी, वय ८१, कंबरेतून मोडलेली, गल्लीच्या अगदी टोकाला. रुग्णवाहिका एकच, ती दुसऱ्या फाकेत गुंतलेली. मी म्हणालो, "पूर्ण." आणि खूण केली. कोणी सांगितलं नव्हतं रे. माझंच पेन, माझीच सही. तालीमच तर आहे, असं मनात म्हणालो. अहवालात त्रुटींच्या रकान्यात 'निरंक'.

संध्याकाळी सहाला भोंगा परत आणायला गावात गेलो. गोदाआजीची खिडकी लावलेली, फटीत ओलं फडकं, पाण्याच्या हंड्यावर ताट. भोंग्यावर सांगितलं तसं सगळं. म्हातारी दाराशी बसलेली, पायात चपला. मांडीवर गाठोडं, त्यात दोन लुगडी, औषधाची पट्टी आणि प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. मी म्हणालो, "आजी, ही तालीम होती." तर म्हणते, "ते सकाळीच कळलं मला. पण तुझा माणूस म्हणाला, गाडी येणार आहे. म्हणून बसले." जेवलीस का विचारलं, तर नाही. "गाडी लागते मला."

विज्या, मला पुढे काही बोलताच येईना.

त्या रात्री जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या अपघाताचं वाचत बसलो. २०११, ११ मार्च. रात्री सव्वानऊनंतर आधी ३ किलोमीटर रिकामं करा, पहाटे १०, दुसऱ्या संध्याकाळी २०. चोवीस तासांच्या आत तीन हुकूम. पाच किलोमीटरवर खास उभारलेलं समन्वय केंद्र होतं. भूकंपात तिथली वीज गेली, किरणोत्सार अडवायची गाळणी नव्हती, तेही १५ तारखेला सोडावं लागलं. ओकुमा गावातल्या एका इस्पितळात अंथरुणाला खिळलेले रुग्ण मागे राहिले. १४ तारखेला निघालेल्या बसला सरळ रस्ता बंद, म्हणून दोनशे किलोमीटरांहून मोठा वळसा. काही जण बसमध्येच गेले. त्या २० किलोमीटरांतल्या इस्पितळांची आणि वृद्धाश्रमांची किमान ६० माणसं मार्च संपेपर्यंत गेली. किरणांनी नाही, हलवण्यानं, थंडीनं, औषध-पाण्यावाचून. त्यांच्याकडेही तक्ते असतीलच, आपल्यापेक्षा सुबक. आणि आपल्याकडे धुंदलवाडीच्या बाजूला २०१८ मध्ये लोक भूकंपाच्या धक्क्यांच्या भीतीनं थंडीत अंगणात झोपत होते, आठवतं ना? खरा दिवस उजाडेल तो असलंच काही सोबत घेऊन. रस्ता खचलेला, मोबाइल मुके. आमच्या खोलीत त्या दिवशी एसी होता आणि दोनदा चहा आला.

तुलाच का लिहितोय, ते तू ओळखलं असशील. पुराच्या पंचनाम्यावर "प्रत्यक्ष पाहिले" लिहायला तू नाही म्हणालास, राजीनामा टाकलास, आणि मी स्टँडवर चारचौघांत तुला पळपुटा म्हणालो. कागद चालला पाहिजे, माणसाचं मागाहून बघता येतं, असंही म्हणालो होतो. उसाचा रस तू अर्धा टाकून गेलास, पैसे मी भरले. ते बारा रुपये अजून येणे आहेत.

साहेबांशी बोललो. पुढच्या वेळी बघू म्हणाले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. मी दुरुस्तीचं टिपण लिहिलंय: "अ.क्र. २३ स्थलांतरित झालेली नाही. खूण माझ्याकडून चुकीने." यातलं 'चुकीने' खोटं आहे. त्या जागी काय लिहू, ते तू सांग. मसुदा सोबत जोडलाय, तुझ्या त्या लाल पेनानं खोड.

सुमनवहिनींचा हात बरा झाला का? पोरगी दहावीला ना यंदा, तिला म्हणावं भूमिती सोडू नकोस. आंबा कसा काय? पेटी पाठवलीस तर इथे दोन घरांत वाटायची आहे, एक गल्लीच्या टोकाला.

तुझा,
सद्या

ता.क. मसुदा लवकर पाठव. मंगळवारी फाइल वर जाते.