किल्ल्यावरील सहलीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी किशोरवयीन मुलांसह आपण ग्वाल्हेर किल्ल्यावरील मानमंदिराची तळघरे पाहणार आहोत. राजा मानसिंह तोमरांच्या या महालाचा पुढे मोगलांनी तुरुंग केला, औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याला १६६१ मध्ये याच किल्ल्यावर ठार मारले आणि औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह याचा मुलगा सुलेमान शुकोह याला रोज अफूचे पाणी पाजून झिजवले, हे पालकांनी मुलांना आधीच नीट सांगावे. भुताखेतांच्या गोष्टी मात्र कृपया रंगवू नयेत, कारण जे घडले तेच पुरेसे भयंकर आहे. जिना अरुंद व अंधारा असल्याने प्रत्येकाने विजेरी आणावी. जौहर कुंडापाशी सेल्फी काढू नयेत. घाबरणाऱ्या मुलाला बळजबरीने खाली नेऊ नये. त्याच्यासोबत एका पालकाने वर चौकात थांबावे.

– कार्यवाह