टाका मराठीत शिकवायचा आणि मार्क इंग्रजीत द्यायचे?

संपादक साहेब, नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवतो, वीस वर्षं होत आली. परवा वाचण्यात आलं की पोर्तुगीज बोलणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांसाठी ऑपरेशनचं कसब मोजायचं एक साधन, म्हणजे मार्क द्यायचा फॉर्म, त्यांच्या भाषेत नीट बसवायचं काम झालंय, आणि तेव्हापासून डोक्यात एकच चालू आहे की हे आपण मराठीत अजून कामून केलं नाही.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूर्वी (आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी आजही) शिकाऊ डॉक्टरचा हात कसा आहे हे सरांच्या मनावर असायचं. माझ्या स्वतःच्या रेसिडेन्सीत तीन वर्षांचं लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत सही होऊन आलं, सगळीकडं 'गुड', आणि माझी गाठ सैल बसते हे मला पुढं एका पेशंटच्या जखमेनं शिकवलं, ते अजून विसरलो नाही. यावर कॅनडातल्या टोरोंटोच्या मंडळींनी ओसॅट्स नावाची पद्धत काढली, 1997 साली ती छापून आली. सात मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 मार्क, म्हणजे एकूण 35, आणि 1 ला काय दिसलं पाहिजे, 3 ला काय, 5 ला काय हे शब्दात लिहिलेलं. नंतर 2012 मध्ये ओटावावाल्यांनी ओ-स्कोअर आणला, त्यातली भाषा तर एकदम ओटीतली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली आहे. त्यात शिकवणारा पाचपैकी एक पायरी निवडतो: पहिली पायरी मलाच करावं लागलं, दुसरी सांगत सांगत करून घेतलं, तिसरी मधूनमधून सुचवावं लागलं, चौथी लागलो तर असावं म्हणून ओटीत थांबलो, आणि पाचवी माझी गरजच नव्हती. कुठलाही सर्जन हे वाचून लगेच म्हणेल की हो, आपण असंच मोजतो मनातल्या मनात.

म्हणजे सगळा खेळ शब्दांचा आहे. आणि शब्द नुसते डिक्शनरी उघडून बदलता येत नाहीत. पोर्तुगीजचंच बघा, ब्राझीलमध्ये शिकाऊ डॉक्टरला 'रेसिडेंट' म्हणतात तर पोर्तुगालमध्ये 'इंटर्नू', ऑपरेशन थिएटरला सुद्धा दोन्हीकडं वेगळे शब्द, शिवाय अंगोला, मोझांबिक आहेतच. एकच भाषा आणि तरी हा फरक! म्हणून या कामाची एक रीत ठरलेली आहे, 2000 सालापासून जगभर वापरतात. दोन जण वेगवेगळं भाषांतर करतात, एक विषय माहीत असलेला आणि एक अजिबात माहीत नसलेला, मग दोघं बसून एक करतात, मग मूळ फॉर्म न पाहिलेले दोन जण ते उलटं इंग्रजीत नेतात, मग जाणकारांची कमिटी बसते, आणि शेवटी तीस-चाळीस खऱ्या माणसांना देऊन प्रत्येकाला विचारतात की बाबा तुला या वाक्यातून काय समजलं. हा शेवटचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडं नेमका तोच गाळला जातो.

मी करून बघितलं थोडं. ओसॅट्समधला एक मुद्दा 'रिस्पेक्ट फॉर टिश्यू', याचं सरकारी मराठीत 'ऊतींबद्दल आदर' होईल, ते वाचून कुणाच्याही डोळ्यापुढं काही येत नाही. ओटीत आपण काय म्हणतो? "ओढायलास कामून, हलक्या हातानं धर." 'टाइम अँड मोशन'चं 'वेळ आणि गती' केलं की पोरं समजतात लवकर उरकायचं, आणि मूळ अर्थ तर फालतू हालचाली किती केल्या हा आहे. सगळ्यात अडलो तो ओ-स्कोअरच्या तिसऱ्या पायरीवर. मी आधी 'मधूनमधून टोकावं लागलं' असं लिहिलं होतं, पण टोकणं म्हणलं की त्यात रागावणं आलंच, पोराला वाटतं सर चिडले होते म्हणून मार्क कमी. वर 'सुचवावं' लिहिलंय खरं पण ते फार मऊ होतं, जणू ऐकलं तर ऐकलं.

मागच्या वर्षीची गोष्ट. हिंगोलीकडची एक इंटर्न, दहावीपर्यंत मराठी मीडियम, टाके घालताना मी तिला इंग्रजी फॉर्मवर दोन मार्क दिले. तिनं फॉर्म दोनदा वाचला आणि विचारलं, सर म्हणजे नेमकं चुकलं काय? हालचाल अवघडलेली आहे असं इंग्रजीत लिहिलेलं होतं, तिला शब्द कळत होते पण स्वतःच्या हातात ते दिसत नव्हतं. मी म्हणलं, "सुई ढकलायलीस गं, ती वाकडी आहे ना, मनगट फिरव, ती तिच्या वाटेनं जाईल." पुढचा टाका सुरेख पडला. हेच वाक्य फॉर्मवर असायला काय हरकत आहे?

लोक म्हणतील पीजीला निम्म्या सीटा ऑल इंडिया कोट्यातल्या, राजस्थान केरळची लेकरं येतात, त्यांना मराठी कुठून येणार. बरोबर आहे, त्यांच्यासाठी इंग्रजी ठेवा. पण सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या 85 टक्के सीटा राज्याच्या आहेत, आणि 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात साधे टाके घालता येतात का हे तपासून सही करायचीच आहे, तर सुरुवात तिथून करा ना. परीक्षा इंग्रजीत राहू द्या, मी फक्त शिकतानाच्या मोजमापाबद्दल बोलतोय. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठानं मनावर घ्यावं, आणि छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथल्या सरकारी कॉलेजांनी मिळून ही रीत पूर्ण पाळून करावं. कमिटीत ओटीच्या सिस्टरांना घ्या, नवीन पोराचा हात पहिल्यांदा त्याच ओळखतात. आणि झाल्यावर एकच ऑपरेशन दोन मास्तरांना वेगवेगळं बघायला लावून मार्क जुळतात का तेही तपासा, नाहीतर नुसता मराठी कागद तयार होईल.

माझ्यापुरतं मी इंटर्नच्या पोरापोरींना विचारून विचारून पाच पायऱ्या लिहून काढतोय. तिसऱ्या पायरीला रागही नाही आणि मऊपणाही नाही असा शब्द अजून सापडला नाही, तुमच्या वाचकांत कुणी डॉक्टर, सिस्टर, किंवा अगदी सुतार, शिंपी जरी असेल आणि शिकाऊ पोराला मधेच सांगताना ते काय म्हणतात हे कळवलं तर उपकार होतील.

आपला,
सर्जरीचा एक मास्तर, मराठवाडा