मानसोपचाराच्या विद्यार्थ्यांमागे उभ्या राहिलेल्या मॅडमना

बेळगाव

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

नाव छापायचे नाही, या अटीवर आपण हे पत्र जाहीर करायला संमती दिलीत, म्हणून ते येथे लिहीत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून मानसोपचारशास्त्रात एम.डी. करायला गेलेल्या डॉक्टरांना ते सांगण्याची गरजही पडणार नाही. शिकत असताना मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या दक्षिण विभागाच्या परिषदेत शोधनिबंध वाचण्यासाठी आपण मला जे अर्थसाहाय्य दिलेत, त्याचे आभार मी तोंडी अनेकदा मानले आहेत. तरीही ते लिहून, चारचौघांसमोर मानावेत असे मनापासून वाटते. अशी मदत कशी करावी, हे आपल्या पद्धतीवरून इतरांनाही शिकता येईल, हे त्याचे मुख्य कारण.

माझ्या तुकडीला लागू असलेल्या नियमांप्रमाणे एम.डी.च्या परीक्षेला बसण्यापूर्वी एक पोस्टर सादर करणे, राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरील परिषदेत एक शोधनिबंध वाचणे आणि एक शोधनिबंध प्रकाशनासाठी पाठवणे आवश्यक होते. नियम उत्तम होता, पण त्याचा खर्च कोणी उचलायचा, याची व्यवस्था आमच्यापैकी बहुतेकांकडे नव्हती. नोंदणी शुल्क, रेल्वेचे भाडे, राहण्याची सोय, पोस्टरची छपाई हे सगळे विद्यावेतनातून भागवायचे आणि त्याच विद्यावेतनातून शैक्षणिक कर्जाचा हप्ताही द्यायचा, अशी ओढाताण खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हमखास येते. माझ्या बाबतीत आणखी एक अडचण होती. मुलगी अंगावर पिणारी होती आणि तिला घरी ठेवून जाणे शक्य नव्हते. मी आपल्याकडे आले ते परिषदेला पाठवायच्या शोधनिबंधाचा सारांश तपासून घ्यायला. घरची अडचण मी बोलून दाखवली नव्हती, आपणच विचारलेत, "बाळाला कोण बघणार?" सासूबाई सोबत आल्या तर जमेल, असे मी म्हणताच आपण त्यांचेही तिकीट खर्चात धरलेत आणि तो विषय तिथेच संपवलात.

अशा साहाय्याच्या योजना आखणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी, असे मला कळकळीने वाटते. अनेक ठिकाणी प्रवासखर्चाची रक्कम परिषद आटोपल्यावर, पावत्या सादर केल्यानंतर मिळते. हिशेबाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्याच्या हातात आधी पैसेच नाहीत, त्याला नंतर मिळणाऱ्या पैशांचा उपयोग होत नाही; तो मुळात अर्जच करत नाही, आणि अर्ज आला नाही म्हणजे गरज नाही, असा समज करून घेतला जातो. आपण रक्कम आधी दिलीत आणि पावत्या मागाहून घेतल्यात. त्या पावत्या आपण एकेक करून पाहिल्यात, हेही मला फार आवडले, कारण त्यामुळे घेणाऱ्याला ती मदत उपकारासारखी न वाटता कामासाठी मिळालेल्या पैशासारखी वाटली.

बक्षिसांचे मोल मी कमी मानत नाही. 1947 साली स्थापन झालेल्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीचे, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेचे, भागवत पारितोषिक, मार्फतिया पारितोषिक, पूना सायकियाट्रिस्ट्स असोसिएशनच्या नावाचे पारितोषिक ही नावे आमच्या विभागात आदराने घेतली जातात. आज बेंगळूरुला निम्हान्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या पूर्वावतारात, म्हणजे ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये संचालक असलेल्या डॉ. डी. एल. एन. मूर्ती राव यांच्या नावे सोसायटीचे व्याख्यान होते, हेही आपणच आम्हाला सांगितलेत. पण बक्षीस मिळते ते व्यासपीठापर्यंत पोहोचलेल्याला. व्यासपीठापर्यंत पोहोचवण्याचे काम शिष्यवृत्तीचे आहे, आणि ते काम जवळच्या माणसांनीच केले तर नीट होते, असे आपले मत होते. इंग्लंडमध्ये काम करत असताना रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सच्या प्रादेशिक शाखा आपापल्या भागातल्या प्रशिक्षणार्थींना आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना लहान लहान बक्षिसे व बर्सरी, म्हणजे खर्चासाठी छोटे अर्थसाहाय्य, देतात, हे आपण पाहिले होतेत. परत आल्यावर त्या धर्तीवर इथे काही करण्यासाठी आपण मंडळ स्थापन होण्याची किंवा देणगीदार मिळण्याची वाट पाहिली नाही, स्वतःच्या निवृत्तिवेतनातून सुरुवात केलीत.

सीमाभागात अशा मदतीची गरज अधिक आहे, कारण आपण दोन्हीकडच्या वर्तुळांच्या कडेला राहतो. सोसायटीच्या रचनेत कर्नाटक हे केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, तेलंगण आणि पुदुच्चेरीसह दक्षिण विभागात येते. कोल्हापूरचा डॉक्टर मात्र पश्चिम विभागात. निपाणीहून कोल्हापूर जवळ, आमचे नातेवाईक तिकडे, पुस्तके तिकडची, पण शोधनिबंध वाचायचा तो दक्षिणेत, जिथे आमच्या ओळखीचे कोणीच नसते. परिषदेच्या सूचना, साहाय्याचे अर्ज, शेवटच्या तारखा या गोष्टी बहुधा ओळखीतूनच कळतात. मोठ्या संस्थेत शिकणाऱ्याला त्या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याकडून कळतात. आम्हाला त्या आपल्याकडून कळल्या. दक्षिण विभागाचे, 1978 पासून निघणारे इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन हे नियतकालिक चाळण्याची सवयही मला आपल्या घरातल्या अंकांनी लावली.

कामाचा विषय मला जिल्हा निवासी कार्यक्रमात सापडला. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत काम करावे, असे या कार्यक्रमात अपेक्षित आहे. कर्नाटकात मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ जाण्याची जी पद्धत आहे, तिच्यामुळे मला खानापूरच्या बाह्यरुग्ण विभागात बसायला मिळाले. औषध सुरू झालेले, बरे वाटू लागलेले रुग्ण मधूनच यायचे बंद होत. याला रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणून सोडून देणे सोपे होते. आपण मला त्यांच्या घरी जायला लावलेत. कणकुंबी, जांबोटीकडच्या वाड्यांतून पावसाळ्यात बस चुकली की दिवस गेला. भाताच्या लावणीत घरातला एकही हात मोकळा नसतो. रुग्णासोबत येणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. आणि पुढच्या मंगळवारच्या आधीच गोळ्या संपतात. हे सगळे रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सांगितले, मी फक्त लिहून घेतले. पण अशा नोंदींनाही शास्त्रात जागा आहे, हे मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. निम्हान्सने 1975 च्या सुमारास बेंगळूरुजवळच्या सकलवारा गावात सुरू केलेले काम आणि पुढे बळ्ळारी जिल्ह्यात झालेला प्रयोग यांतूनच देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आकाराला आला, याची आठवण करून देऊन आपण म्हणालात की खेड्यातले काम दुय्यम समजायचे असेल, तर कर्नाटकाने आधी आपला इतिहास विसरावा लागेल.

संशोधनात सहभागी होणाऱ्या रुग्णांकडून घ्यायच्या संमतीपत्राचा प्रसंग माझ्या कायम लक्षात राहील. नैतिकता समितीसाठी ते कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लागत होते. माझा मराठी मसुदा शुद्ध होता आणि मी त्यावर समाधानी होते. आपण तो स्वतः वाचला नाहीत. आपल्याकडे भाकरी करायला येणाऱ्या मावशींना खुर्चीवर बसवून आपण मला तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलेत, आणि प्रत्येक वाक्यानंतर त्यांना विचारलेत, "काय कळलं, मावशी?" ज्या वाक्याला त्या गप्प राहिल्या, ते वाक्य बदलले. केव्हाही नाही म्हणता येईल आणि नाही म्हटले म्हणून औषध बंद होणार नाही, हा मजकूर मी खाली, तळाशी घातला होता. मावशींनी नेमके तेच आधी विचारले, म्हणून तो वर आला. कन्नड मसुद्यासाठी आपण बैलहोंगलच्या एका परिचारिकेला फोन लावलात आणि तिच्याकडूनही तेच करून घेतलेत. संशोधनाची नीतिमत्ता या विषयावर मी पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत, पण ती मला खरी कळली त्या दुपारी, आपल्या स्वयंपाकघराच्या दारात.

परिषदेविषयी थोडेच लिहिते. सासूबाई मुलीला घेऊन सभागृहाबाहेर बसल्या होत्या, माझे वाचन वेळेत झाले, आणि एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी गोळ्या किती दिवसांच्या द्याव्यात याविषयी विचारलेल्या प्रश्नावर जेवणाच्या सुट्टीतही चर्चा चालू राहिली. बक्षीस दुसऱ्या कोणाला मिळाले, आणि ते योग्यच होते. मात्र परत आल्यावर आपण घातलेली अट पुरी करताना जे समाधान मिळाले, ते त्याहून मोठे होते. जे परिषदेत इंग्रजीत सांगितले, तेच खानापुरात आशा कार्यकर्त्यांसमोर मराठीत आणि कन्नडमध्ये सांगायचे, ही ती अट. त्या बैठकीत एका ताईंनी सुचवले की लावणीच्या दिवसांत गोळ्या जास्त दिवसांच्या द्याव्यात आणि अधली चौकशी त्या स्वतः घरी जाऊन करतील. रुग्णालयाने ज्यांची प्रकृती स्थिर आहे अशा रुग्णांसाठी ते करून पाहिले. माझ्या शोधनिबंधात हा उपाय नव्हता.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातले आकडे आपण सगळेच वापरतो. ते 12 राज्यांत झाले. त्या राज्यांत कर्नाटकही नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता. म्हणजे सीमेच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्हीकडचा आपला माणूस त्या मोजणीत आला नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 31 मध्ये असे म्हटले आहे की कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत लोकसंख्येच्या मानाने तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी सरकारने प्रयत्न करावेत. कायदा 29 मे 2018 रोजी लागू झाला, तेव्हा ती मुदत 2028 च्या मे महिन्यात पुरी होते. पदे निर्माण करणे सरकारचे काम आहे आणि ते त्यानेच केले पाहिजे. पण त्या पदांवर येणारा तरुण डॉक्टर बेंगळूरुला किंवा पुण्याला न जाता अथणीत, रायबागेत टिकावा, यासाठी त्याच्या कामाकडे कोणाचे तरी लक्ष आहे, असे त्याला वाटावे लागते. मी बेळगावात राहिले त्याला इतरही कारणे आहेत, पण हे त्यातले एक मोठे कारण आहे, आणि ते आपणास ठाऊक असावे म्हणून इथे लिहिले.

आपल्या मदतीने शिकलेले आम्ही काही जण आता त्या निधीत दरवर्षी भर घालतो आणि अर्जांची छाननी आपण आमच्याकडे सोपवली आहे. या वर्षी एक प्रश्न आला आहे, त्यावर आपले मत हवे आहे. निपाणी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अर्ज केला आहे. त्या मानसोपचाराच्या विद्यार्थिनी नाहीत आणि होणारही नाहीत. पण विडी कामगार स्त्रियांमधल्या नैराश्याच्या तक्रारी त्या रोज पाहतात, आणि राज्य परिषदेला जाऊन शिकावे अशी त्यांची इच्छा आहे. साहाय्य फक्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांना द्यावे, असे आमच्यातल्या दोघांचे म्हणणे आहे. माझे मत त्यांना ते द्यावे असे आहे, कारण त्या केंद्रात येणाऱ्या बाईला भेटणारा पहिला, आणि बहुधा शेवटचाही, डॉक्टर त्याच आहेत. त्यांना सोबत एका लहान मुलालाही न्यावे लागणार आहे. त्याचा खर्च मी धरला आहे. अर्ज घेऊन शनिवारी सायंकाळी टिळकवाडीला येते.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
खानापूर तालुक्यातील एक मानसोपचारतज्ज्ञ