छायाचित्र छापा, पण मागची खोलीही दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मध्यंतरी एका प्रवासवर्णनासोबत सिगार वळणाऱ्या वृद्ध कारागिराचं छायाचित्र आलं होतं. त्यावर एका वाचकाने पत्र लिहून हरकत घेतली. तंबाखूचं असं कौतुक वर्तमानपत्राने करू नये, असली छायाचित्रं छापूच नयेत, असं त्यांचं म्हणणं. ते पत्र वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. त्यांचं अर्धं म्हणणं मला मनापासून पटतं आणि उरलेलं अर्धं अजिबात पटत नाही.

पटतं ते आधी सांगते. माझा थोरला भाऊ तंबाखूपायी गेला. तोंडाचा कर्करोग. शेवटचे चार महिने त्याला बोलता येत नव्हतं, तो पाटीवर लिहून दाखवायचा. ती पाटी अजून माझ्याकडे आहे. त्यामुळे तंबाखू काय करते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून ती कमी घातक, असं कुणी म्हणालं की माझा जीव तळमळतो. एका मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या पाकिटातल्या सिगारेटींएवढी तंबाखू असू शकते. धूर गिळला नाही तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातंच, आणि तोंड, घसा, अन्ननलिका, स्वरयंत्र यांचे कर्करोग सिगारनेही होतात. आपल्या त्या लेखात यातली एक ओळही नव्हती. ती असायला हवी होती.

आता न पटलेलं. मी चौतीस वर्षं पुस्तकबांधणी केली. त्यातली बरीचशी जुन्या ग्रंथांच्या दुरुस्तीत गेली. दाभण, दोरा, खळ, पुठ्ठा यांत आयुष्य गेलेल्या बाईला दुसऱ्याचा कामाचा हात दिसला की पाय तिथेच थबकतात. गेल्या वर्षी ला पाल्मा बेटावर असंच झालं.

हे बेट स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातलं, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला, अटलांटिकमध्ये. माझी लेक तिथे डोंगरावरच्या वेधशाळेत कामाला आहे. रोके दे लोस मुचाचोस या 2,426 मीटर उंच माथ्याजवळ दुर्बिणींची रांगच आहे. 10.4 मीटर आरशाची ग्रान तेलेस्कोपिओ कानारियास तिथलीच. लेक रात्री जागायची आणि दिवसा झोपायची. मग एका सुट्टीच्या दिवशी मला म्हणाली, ‘आई, तुला हातांचं काम बघायला आवडतं ना, चल.’ आम्ही ब्रेन्या आल्ताला गेलो. सांता क्रूस या बेटाच्या राजधानीला लागूनच हा भाग आहे. इथे सिगार वळणारी घरं पिढ्यान्पिढ्या आहेत. सिगारचं एक छोटं संग्रहालयही आहे. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला या बेटावरची माणसं पोटासाठी क्यूबाला जायची. परत येताना तंबाखूची विद्या घेऊन आली. या परतलेल्यांना ‘इंडियानो’ म्हणतात, आणि कार्निव्हलच्या सोमवारी सगळं गाव पांढरे कपडे घालून एकमेकांवर टाल्कम पावडर उधळत त्यांची आठवण काढतं.

आम्ही गेलो ती जागा संग्रहालय नव्हती, घर होतं. खाली दोन खोल्या कामाच्या, वर बिऱ्हाड. अशा घरगुती कारखान्याला स्पॅनिशमध्ये ‘चिंचाल’ म्हणतात. पुढच्या खोलीत साठीचे एक गृहस्थ मेजाशी बसले होते, शेजारी त्यांचा भाचा. यंत्र कुठलंच नाही. लाकडी फळी, पाण्याची फवारणी, वनस्पतीच्या डिंकाची वाटी, आणि ‘चावेता’ नावाचं अर्धचंद्राकृती पातं. त्याला मूठ नाही. तळहाताखाली धरून ते पुढे-मागे डोलवतात आणि पान चिरलं जातं.

मी तिथे दोन तास उभी होते. आधी आतली पानं, म्हणजे ‘त्रिपा’. ती चुरगाळून भरत नाहीत. एकेक पान नळीसारखं दुमडून शेजारी शेजारी लावतात, म्हणजे त्यातून हवा जाते. जड, सावकाश जळणारं पान मधोमध, हलकी भोवती. त्यावर बांधणीचं पान, ‘कापोते’. मग ही पुंगळी लाकडी साच्यात घालून दाबाखाली ठेवायची. अर्ध्या तासाने साचा उघडून प्रत्येक पुंगळी चतकोर फिरवायची आणि पुन्हा दाबायची, नाहीतर सांध्याची रेघ उमटते. हे पाहताना मला माझा प्रेस आठवला. ओल्या खळीचं पुस्तक मीही असंच काढून, फिरवून पुन्हा दाबत आले.

सगळ्यात वरचं पान ‘कापा’. ते बघताना मी श्वास रोखला होता. पान मधल्या शिरेवर दुभंगलेलं असतं, त्यामुळे एक अर्धं डावं आणि एक उजवं. डाव्या अर्ध्याने गुंडाळायची दिशा एक, उजव्याची उलट. तसं केलं तरच बारीक शिरा सिगारच्या लांबीबरोबर धावतात आणि गुळगुळीत बाजू बाहेर येते. कागदालाही अशीच दिशा असते. ती न ओळखता घडी घातली तर कागद तडकतो, पुस्तक नीट मिटत नाही. नवशिक्यांना ही एक गोष्ट शिकवताना माझी वर्षं गेली. लेकीकरवी मी त्या गृहस्थांना हे सांगितलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं, एक पान माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, ‘हे कुठलं? डावं की उजवं?’ मी बरोबर ओळखलं. त्यानंतर आम्ही त्या घरात पाहुण्या राहिलो नाही.

आणि मग तो किडा. त्यांनी एका पेटीतून एक जुनी सिगार काढली. तिला टाचणीच्या टोकाएवढं, अगदी गोल भोक होतं. मेजावर ठोकली तर तपकिरी भुकटी पडली आणि भुकटीतून दोन-तीन मिलिमीटरचा, डोकं पोटाशी घातलेला लालसर भुंगेरा निघाला. माझ्या तोंडून ‘अरे, हा तर माझा!’ असंच निघालं. लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. तंबाखूचा भुंगेरा म्हणतात त्याला, पण तो पुस्तकंही खातो. कणकेची खळ त्याला फार आवडते. पुस्तकाच्या पाठीपाशी शिरून आतून बोगदे पाडतो. एका दोनशे वर्षं जुन्या ग्रंथाला याने केलेली चाळण मी पानापानाने भरली होती. त्याचं छायाचित्र माझ्या मोबाइलमध्ये होतं, ते दाखवलं. त्यांनी मागच्या खोलीकडे वळून मोठ्याने हाक मारली.

उपायही एकच निघाला. ते सिगार पिशवीत बंद करून शीतपेटीत गोठवतात. आम्हीही कीड लागलेली पुस्तकं हवाबंद पिशवीत उणे 20 अंशांच्या आसपास काही दिवस ठेवतो. दोघांनाही पथ्य तेच: बाहेर काढताना घाई करायची नाही, पिशवी उघडायची नाही, नाहीतर पाणी सुटतं आणि किड्याने सोडलेलं बुरशी खाते. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन माणसं एकाच जिवाशी आयुष्यभर झुंजत होती आणि एकमेकांना ठाऊकही नव्हती.

हाक ऐकून मागच्या खोलीतून त्यांची थोरली बहीण आली. संपादक महोदय, या पत्राचं कारण ती आहे.

सत्तरी ओलांडलेली बाई. ती आम्हाला आत घेऊन गेली. आत पानांच्या गठ्ठ्यांचा अमोनियासारखा, डोळ्यांत पाणी आणणारा वास होता. पानं ढीग करून आंबवतात, ढीग आतून तापतो, तेव्हा तो वास सुटतो. तिथे एका ठेंगण्या खुर्चीवर बसून ती पानांच्या शिरा काढते. ओलसर पान मांडीवर पसरायचं, शेंड्याकडून शीर सुटी करून बोटांना एक वेढा द्यायचा आणि मनगटाच्या एका हिसक्यात देठापर्यंत ओढून काढायची. पान फाटत नाही. तिने मला करून बघायला दिलं. माझी तीन पानं फाटली, चौथं निम्मं निघालं. मग ती पानं रंगाप्रमाणे निवडायला बसली. आम्हाला सगळी तपकिरीच दिसत होती. ती खिडकीशी धरून त्यांचे सात-आठ ढीग करत होती, कारण एका पेटीतल्या सगळ्या सिगारी एका रंगाच्या दिसायला हव्यात. वयाच्या तेराव्या वर्षापासून ती हे करते. या धंद्यात शिरा काढणं, पानं निवडणं ही कामं पूर्वापार बायकांकडेच आली आहेत. तिची उजवी तर्जनी पेरापर्यंत तपकिरी झाली आहे. किती धुतलं तरी जात नाही, म्हणाली.

तिने आयुष्यात एकही सिगार ओढलेली नाही. नवरा ओढायचा, तो घशाच्या कर्करोगाने गेला. हे तिने फार साधेपणाने सांगितलं आणि पुढचं पान उचललं. लेकीने भाषांतर केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तिला माझ्या भावाबद्दल सांगितलं. पाटीचंही सांगितलं. तिने माझा हात धरला. तो डाग जवळून पाहिला तो तेव्हा.

मी विचारलं, मग हे काम सोडावंसं नाही वाटलं? ती म्हणाली, ‘सोडून काय करू? कुणी दुसरं शिकवलंच नाही.’ भाचा वर्षातले काही महिने केळी पॅक करायला जातो. तिथे पगार ठरलेला असतो. 2021 साली बेटावर ज्वालामुखी 85 दिवस धुमसत होता तेव्हा या बाजूलाही राख आली. यांनी दारं-खिडक्यांच्या फटी कापडाने बुजवल्या. नाजूक पानावर बसलेली राख पुसता येत नाही. त्या वर्षी तो भाचा जायचाच निघाला होता. आईच्या आग्रहाने थांबला. त्याच्यानंतर कोण, याचं उत्तर त्या घरात कुणी दिलं नाही.

जाताना भिंतीवरच्या एका जुन्या फोटोकडे बोट दाखवून त्या गृहस्थांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा क्यूबात कारखान्यात होते. तिथे कामगार वळायला बसले की उंच आसनावर एक माणूस मोठ्याने वाचायचा, सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. हवानात 1865 साली ही प्रथा सुरू झाली. वाचणाऱ्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे आणि पुस्तक कुठलं लावायचं हे मतं घेऊन ठरवायचे. आजोबांना अक्षर येत नव्हतं, पण कादंबऱ्यांची पानंच्या पानं ते नातवंडांना तोंडपाठ ऐकवायचे. पुस्तकं बांधण्यात जन्म घालवलेल्या मला हे ऐकून काय वाटलं, ते नीट लिहिता येत नाही. ती पुस्तकं कुणीतरी बांधली असतील, आणि रोज हाताळून ती खिळखिळी झाली असतील. त्यांची पाठ पुन्हा कुणी चिकटवली असेल, एवढंच मनात येत राहिलं.

आम्ही सिगार विकत घेणार नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. वेळेचे पैसे म्हणून काही युरो देऊ केले, ते बहिणीने परत केले. मी पिशवीतली, घडी दाबायची माझी हाडाची पट्टी तिला दिली. अठ्ठावीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेली.

म्हणून हरकत घेणाऱ्या वाचकांना माझं सांगणं आहे की तंबाखूशी आपलं भांडण आहे आणि ते असलंच पाहिजे. पण छायाचित्र झाकून ते भांडण जिंकता येत नाही, झाकली जातात ती माणसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला, 2005 पासून लागू असलेला तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या 17 व्या कलमात तंबाखूच्या कामगारांना आणि शेतकऱ्यांना पोटापाण्याचा दुसरा मार्ग मिळवून देण्याची गोष्ट आहे. करार करणाऱ्यांनासुद्धा ही माणसं आठवली. तेरा वर्षांच्या मुलीला त्या खुर्चीवर बसवलं तेव्हा दुसरी कुठली खुर्ची तिच्यापुढे नव्हती, हे कुणी लिहिलंच नाही तर दुसरी खुर्ची द्यायची कुणाला, हे तरी कसं कळणार?

आणि प्रवासाला जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती. असं घर वाटेत लागलं तर दारातून फोटो काढून पुढच्या ठिकाणी पळू नका. आत जायची परवानगी मागा, पानाला हात लावण्याआधी विचारा, थोडा वेळ बसा. ओढायची तर मुळीच गरज नाही.

आपल्याला मात्र माझी मागणी आहे. पुढच्या वेळी असं छायाचित्र जरूर छापा. खाली सिगारच्या धोक्याची ओळ ठळक द्या. आणि वार्ताहराला सांगा, की मेजाशी बसलेल्या माणसाचा फोटो काढून झाला की मागच्या खोलीचं दार ढकलायचं, तिथे शिरा काढत बसलेल्या बाईला विचारून तिचाही फोटो काढायचा, आणि तिची हरकत नसेल तर तिचं नाव पहिलं लिहायचं.

आपली,
एक निवृत्त पुस्तकबांधणी कारागीर